बुकलिस्ट काढायच्या आधी एवढं वाचा: ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स विभागांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या ज्युनियर कॉलेजांमधले सगळे फिजिक्सचे सर आणि मॅडम, आणि खास करून ज्यांच्या सहीने अकरावी-बारावीची बुकलिस्ट निघते ते एचओडी,

नमस्कार.

मे संपत आला की स्टाफरूमच्या टेबलावर स्पेसिमेन कॉप्यांचा, म्हणजे प्रकाशकांनी बघायला दिलेल्या नमुना प्रतींचा, ढीग लागतो. एक डायजेस्ट, एक एमसीक्यूचं जाडजूड, एक सीईटीचं चॅप्टरवाइज, एक अपेक्षित प्रश्नसंच, आणि सोबत एजंटने दिलेली डायरी नाहीतर पेन. मग ॲडमिशनच्या गडबडीत एक मीटिंग होते, ती चहा संपेपर्यंत चालते आणि त्यात एक पुस्तक ठरतं. का ठरतं? मागच्या वर्षी तेच होतं म्हणून, शेजारच्या कॉलेजला तेच आहे म्हणून, किंवा अर्धी मुलं ज्या क्लासला जातात तिथे ते चालतं म्हणून. त्यातली चार उदाहरणं कोणीतरी बसून सोडवून बघितली आणि मग ठरवलं असं फार क्वचित होतं. मी पण तालुक्याच्या गावात फिजिक्सच शिकवते, ह्याच मीटिंगांना बसते, त्यामुळे हे बाहेरून टोमणे मारणं नाहीये, घरातलंच बोलणं आहे.

मागणी एकच आहे. टेक्स्टबुकच्या पलीकडचं प्रॅक्टिस मटेरियल निवडताना किती प्रश्न आहेत ते मोजू नका, ते मटेरियल मुलाला 'गिव्हन' आणि 'फॉर्म्युला' ह्या दोन ओळींच्या मध्ये थांबवतं का ते बघा.

आता हे जरा नीट सांगते. न्युमेरिकल कसं लिहायचं ते आपण सगळे एकाच पद्धतीने शिकवतो: गिव्हन, टू फाइंड, फॉर्म्युला, कॅल्क्युलेशन, आन्सर. पेपर तपासायला बरं पडतं, उत्तर चुकलं तरी स्टेपचे मार्क मिळतात, माझी त्याला काही हरकत नाही. पण गिव्हन लिहून झाल्यावर मुलगा एकदम फॉर्म्युल्यावर उडी मारतो ना, त्या उडीतच सगळं फिजिक्स आहे आणि ते कागदावर कुठेच येत नाही. आकृती काढणं, कुठले फोर्स लागतायत ते दाखवणं, काय कॉन्स्टंट आहे आणि काय बदलतंय ते ठरवणं, कुठलं गृहीत धरलंय ते म्हणणं, हे काहीच नाही. बाजारातल्या बहुतेक गाइडमधली सोडवलेली उदाहरणं बघा, ह्या जागी एक ओळसुद्धा नसते. मग मूल काय शिकतं? गिव्हनमध्ये एम (वस्तुमान), व्ही (वेग) आणि आर (त्रिज्या) दिलंय ना, मग ज्या सूत्रात एम, व्ही, आर आहे ते शोधायचं आणि आकडे टाकायचे. अक्षरं जुळवायचा खेळ. त्यात मुलं इतकी तरबेज होतात की आपल्यालाही वाटतं ह्याला चॅप्टर समजला.

बारावीचा पहिलाच चॅप्टर घ्या, रोटेशनल डायनॅमिक्स. अकरावीत मुलं शिकून आलेली असतात की उतारावर ठोकळा ठेवला की एन बरोबर एमजी कॉस थीटा (एन म्हणजे पृष्ठभागाचा लंब दिशेतला रेटा, नॉर्मल फोर्स; एमजी म्हणजे वजन; थीटा म्हणजे उताराचा कोन). बारावीत बँकिंग ऑफ रोड्स येतं, म्हणजे वळणावर रस्ता आतल्या बाजूला तिरका ठेवणं, घर्षण सोडून द्या म्हटलं की एन कॉस थीटा बरोबर एमजी, म्हणजे एन बरोबर एमजी भागिले कॉस थीटा. एकीकडे कॉस गुणायचं, दुसरीकडे भागायचं. दोन्ही सूत्रं पाठ, दोन्हीवरची न्युमेरिकल्स पटापट येतात. आता वर्गात फक्त एवढं विचारा की दोन्हीकडे पृष्ठभाग तिरकाच आहे, वजन खालीच आहे, मग एकदा एन वजनापेक्षा कमी आणि एकदा वजनापेक्षा जास्त कसा? शांतता होते बघा. हुशार मुलंही वहीची मागची पानं उलटायला लागतात. उत्तर एका वाक्याचं आहे, की उतारावरचा ठोकळा घसरला तरी उताराच्या दिशेनेच घसरणार, पृष्ठभागाला लंब दिशेत त्याचं ॲक्सिलरेशन (त्वरण) शून्य, म्हणून त्या दिशेतले फोर्स बॅलन्स करायचे. आणि वळणावरच्या गाडीचं ॲक्सिलरेशन आडवं आहे, वर्तुळाच्या केंद्राकडे, त्यामुळे तिथे शून्य आहे ते उभ्या दिशेतलं, म्हणून उभे फोर्स बॅलन्स करायचे. म्हणजे ॲक्सिलरेशन कुठल्या दिशेला आहे ते आधी ठरवा, मग अक्ष निवडा. हा एक प्रश्न नीट पचला तर कोनिकल पेंडुलम आणि वेल ऑफ डेथ जवळजवळ फुकटात येतात.

असा प्रश्न तुमच्या त्या जाड पुस्तकात आहे का, ते शोधा. त्याऐवजी 'शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७२ किलोमीटर वेगासाठी बँकिंगचा कोन काढा' हाच प्रश्न आकडे बदलून सहा वेळा दिलेला असेल. एकदा ठीक आहे, २० मीटर पर सेकंद घ्या, जी (गुरुत्वामुळे येणारं त्वरण) १० धरा, टॅन थीटा ०.४ येतो, कोन साधारण २२ अंश. दुसऱ्या वेळी त्याच प्रश्नात गाडीचं वजन १५०० किलो असं फुकटचं टाकून दिलं असतं तर किती मजा आली असती, कारण अक्षरं जुळवणारा मुलगा लगेच गडबडतो, हे एम कुठे वापरायचं? आणि तिसऱ्या वेळी आकडेच नकोत, खंबाटकी घाटातल्या वळणावर भरलेला ट्रक आणि मोकळी बाईक, दोघांसाठी योग्य कोन वेगळा हवा का, एवढंच विचारा. तीनच प्रश्न झाले, पण सहापेक्षा भारी.

तुम्ही म्हणाल की मॅडम, हे सगळं वाचायला छान आहे, पण प्रॅक्टिस म्हणजे प्रॅक्टिस, भरपूर गणितं केली की आपोआप समजतं. हे आपल्याकडे इतकं मुरलंय की त्यावर कोणी शंकाच घेत नाही. पण घेतलीय लोकांनी. २००२ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये कोरियातल्या दोन अभ्यासकांचा, किम आणि पाक यांचा पेपर आला होता. कोरिया म्हणजे एंट्रन्सच्या वेडात आपल्या तोडीस तोड. त्यांनी विद्यार्थ्यांनी आधी अंदाजे किती गणितं सोडवली असतील ते काढलं, कोणी ३००, कोणी २९००, सरासरी साधारण १५००. आणि मग त्यांची मेकॅनिक्सची साधी समज तपासली. नेहमीच्या चुका तशाच होत्या, आणि किती गणितं सोडवली ह्याचा समजेशी फारसा संबंधच दिसला नाही. पंधराशे गणितं म्हणजे दोन वर्षं रोज दोन हो! माझ्या मते हा पेपर प्रत्येक स्टाफरूमच्या बोर्डावर टाचणीने लावून ठेवायला पाहिजे, सुट्ट्यांच्या यादीच्या शेजारी.

आणि चुका कुठल्या, तर आपल्याला रोज दिसतात त्याच. वर फेकलेला चेंडू सगळ्यात वरच्या बिंदूला असताना त्याचं ॲक्सिलरेशन किती, शून्य. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा नॉर्मल फोर्स ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी. बल्बमधून जाताना करंट 'वापरला जातो' म्हणून पुढच्या बल्बला कमी मिळतो. ह्यातल्या फोर्स आणि गतीबद्दलच्या समजुती एवढ्या चिवट आहेत की त्या पकडायला १९९२ साली अमेरिकेत हेस्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची खास चाचणी तयार केली, त्यात गणित जवळजवळ नाहीच, सगळे साधे ऑप्शनवाले प्रश्न, फक्त चुकीचे ऑप्शन मुलांच्या डोक्यातल्या खऱ्या चुकांवरून घेतलेले. हार्वर्डला फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनीही अशीच चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तर अवघड अवघड गणितं करणारी पोरंसुद्धा तिथे अडखळली. एमसीक्यूचं पुस्तक निवडताना हाच निकष लावून बघा ना: उत्तर सोडून उरलेले तीन ऑप्शन कुठून आलेत? २० बरोबर असेल आणि बाकी १०, ३०, ४० असे नुसते भरले असतील तर ते पुस्तक मुलाबद्दल आपल्याला काहीच सांगणार नाही. पण चुकीचा ऑप्शन निवडल्यावर 'अच्छा, ह्याने डायमीटर आणि रेडियसचा घोळ केला' किंवा 'ह्याला वेग शून्य म्हणजे ॲक्सिलरेशन शून्य वाटतं' असं कळत असेल तर ते पुस्तक ठेवा.

इलेक्ट्रोस्टॅटिक्समधून एक सांगते, कारण तिथे ही गिव्हन-फॉर्म्युल्याची उडी सगळ्यात जास्त महागात पडते. कपॅसिटर (चार्ज साठवणारी दोन प्लेटांची जोडी) बॅटरीला जोडून चार्ज केला, मग बॅटरी काढली, आणि प्लेटांच्या मध्ये डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४ असलेली स्लॅब (वीज वाहून न नेणाऱ्या पदार्थाची वडी) सरकवली. एनर्जीचं काय होईल? आता ह्याच्यासाठी मुलांकडे दोन सूत्रं आहेत, एकात व्होल्टेज आहे, एकात चार्ज आहे, आणि दोन्ही बरोबर आहेत. एक वापरून घाईघाईत चौपट येतं, दुसरं वापरून एक चतुर्थांश. बॅटरी काढलीय म्हणजे चार्ज अडकला, तो बदलणार नाही, म्हणून एक चतुर्थांश बरोबर. बॅटरी तशीच ठेवली असती तर व्होल्टेज कॉन्स्टंट आणि मग चौपट. काय कॉन्स्टंट आहे, हा निर्णय म्हणजेच प्रश्न, पुढचं सगळं पाढे. आणि चांगलं मटेरियल इथे थांबत नाही, ते पुढे विचारतं की पहिल्या केसमध्ये तीन चतुर्थांश एनर्जी गेली कुठे? स्लॅबला फील्ड आत ओढतं, तुम्ही ती हाताने धरून हळूहळू सोडली तर तुमच्या हातावर काम होतं, तिथे गेली. हे विचारल्यावर मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात.

बरं, ह्यासाठी पैसे घालायची गरज आहे का? माझं मत, फारशी नाही. बोर्डाच्या पेपरपुरतं बोलायचं तर सध्याचा पॅटर्न आपल्याला तोंडपाठ आहे, ऑप्शन धरून पेपर ९८ मार्कांचा छापलेला, सोडवायचा ७० चा, वर ३० प्रॅक्टिकलचे. त्याला बालभारतीच्या पुस्तकातला स्वाध्याय पूर्ण आणि मागचे बोर्डाचे पेपर एवढं पुरतं, त्यावर अजून एक डायजेस्ट लादून काय मिळतं ते मला तरी कळलेलं नाही, पालकांचे पैसे जातात आणि मुलाला आयतं उत्तर मिळतं. एनसीईआरटीचे एक्झेम्प्लर प्रॉब्लेम्स त्यांच्या साइटवर फुकट आहेत, त्यात एकापेक्षा जास्त ऑप्शन बरोबर असलेले प्रश्न वेगळे आहेत आणि छोट्या उत्तरांचे प्रश्न तर अगदी ह्या मधल्या जागेवरच बोट ठेवतात. एच. सी. वर्मांचं 'कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' हे पुस्तक बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये असतं, पण आपण मुलांना त्यातली शेवटची एक्सरसाइजच देतो, त्याच्या आधी जे शॉर्ट आन्सरचे प्रश्न आहेत ते कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते त्या पुस्तकाचं खरं सोनं तिथे आहे. मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरच्या साइटवर ऑलिम्पियाडचे जुने पेपर उत्तरांसकट आहेत, सगळ्या वर्गाला नाही पण दोन-चार जणांना, ज्यांना आपल्या वर्गात कंटाळा येतो त्यांना, ते नक्की द्या. आणि कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, त्यातली बरीच मराठीतही आहेत, मोबाइलवर चालतात. सर्किटचं सिम्युलेशन उघडून आधी अंदाज लिहायला लावा, मग स्विच दाबा. अंदाज लिहायच्या आधी स्विच दाबला तर तो नुसता व्हिडिओ गेम होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

सिम्युलेशन सोडा, रोलिंग मोशनला तर काहीच लागत नाही. एक बांगडी, एक पेन्सिल सेल, एक गोटी आणि एक तिरकी फळी. कोण आधी खाली येईल? आधी वहीत लिहा, कारणासकट. गोटी पहिली, सेल दुसरा, बांगडी शेवटी, मग गोटी केवढीही घ्या आणि बांगडी कोणाचीही घ्या, कारण वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही समीकरणातून उडून जातात, राहतो तो फक्त आकार. ह्याला प्रॅक्टिस मटेरियल म्हणायचं की नाही? मी म्हणते.

आता सीईटी. इथे माझं आणि काही जणांचं पटत नाही, पण लिहितेच. पीसीएम ग्रुपला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही. ह्यासाठी स्पीड लागतो, घड्याळ लावून सराव लागतो, हे मान्य. पण तो जूनमध्ये सुरू करायचा नसतो हो! जूनमध्ये ५४ सेकंदांची सवय लावली की मूल विचार करणं बंद करतं आणि अक्षरं जुळवणं सुरू करतं, कारण एवढ्या वेळात दुसरं काही शक्यच नाही. दिवाळीपर्यंत सावकाश सराव, कमी प्रश्न, प्रत्येकाला आकृती. त्यानंतर मिक्स सेट, ज्यात कुठला प्रश्न कुठल्या चॅप्टरचा ते वर लिहिलेलं नसेल, आणि अकरावीचेही असतील, कारण सीईटीत वीस टक्के वेटेज अकरावीला आहे आणि ते चॅप्टर बारावीच्या वर्षात कोणी उघडत नाही. चॅप्टरवाइज पुस्तकाची गोम अशी आहे की थर्मोडायनॅमिक्सच्या शेवटी सगळे प्रश्न थर्मोडायनॅमिक्सचेच, म्हणजे 'हा कशाचा प्रश्न आहे' हे ओळखायचं काम पुस्तकाने आधीच करून टाकलं. परीक्षेत ते कोण करणार? गणिताच्या बाबतीत अमेरिकेत डग रोहरर यांनी शाळकरी मुलांवर हे तपासून बघितलंय, सरमिसळ केलेला सराव करताना मुलांना जड जातो पण काही दिवसांनी परीक्षा घेतली की तीच मुलं पुढे असतात. आणि घड्याळ, ते प्रिलिमनंतर लावा.

लॉग टेबलबद्दल पण बोलून घेते. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे त्याचा सराव हवाच, पण तो वेगळा द्या ना. ज्या प्रश्नातून मुलाने फोर्सची दिशा शिकायचीय त्यात ६.६३ आणि ९.१ चे गुणाकार-भागाकार घालून ठेवले की तासाची वीस मिनिटं अँटीलॉगमध्ये जातात आणि दिशा राहते बाजूला. समजेसाठीच्या प्रश्नात आकडे गोंडस असावेत, जी १० चालतो.

निवडताना आन्सर की तपासा, हे सांगायला लागू नये पण लागतं. कुठल्याही पुस्तकातली मधली दहा उदाहरणं घ्या, पहिली नको, पहिली सगळे नीट छापतात. स्वतः सोडवा. आणि आकडे खऱ्या जगातले आहेत का बघा. ४०० केल्विन आणि ३०० केल्विनच्या मध्ये चालणारं इंजिन आणि एफिशियन्सी ४० टक्के असं उदाहरण दिसलं तर पुस्तक तिथेच मिटा, कारण त्या तापमानांत कार्नोच्या हिशोबाने (उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाची कमाल मर्यादा सांगणारा नियम) २५ टक्क्यांच्या वर कोणी जाऊ शकत नाही. किंवा मिटू नका, ते उदाहरण वर्गात घेऊन जा आणि 'हे इंजिन विकत घ्याल का' असं विचारा, त्यापेक्षा चांगला प्रश्न त्या पुस्तकात दुसरा मिळणार नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं फार कोणी बोलत नाही म्हणून दोन ओळी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल अकरावी सायन्सला इंग्रजीत येतं आणि सहा ओळींचा प्रश्न वाचतानाच दमतं, फिजिक्सपर्यंत पोचतच नाही. सीईटीत फिजिक्स मराठीतूनही देता येतं, जेईई मेन आणि नीटलाही मराठीचा पर्याय आहे, पण कॉलेजच्या यादीत मराठीतला सराव शोधून दाखवा. निदान पहिल्या सहामाहीत तरी छोट्या वाक्यांचं, आकृत्या असलेलं मटेरियल घ्या, आणि उत्तरातलं कारण मराठीत लिहिलं तर मार्क कापू नका. इंग्रजी येईल हळूहळू.

आणि फोन. आज कुठल्याही प्रश्नाचा फोटो काढला की दहा सेकंदांत पूर्ण सोडवणूक समोर येते, गिव्हनपासून आन्सरपर्यंत. तेव्हा ज्या होमवर्कमध्ये फक्त शेवटचं उत्तर बघून आपण बरोबरची खूण करतो त्या होमवर्कला आता काही अर्थ उरलेला नाही, मग पुस्तक कितीही महाग असू दे. आम्ही आमच्या विभागात सध्या एक करतो, अर्धवट सोडवलेली उदाहरणं देतो: पहिल्यात फक्त शेवटची स्टेप भरायची, दुसऱ्यात आकृती काढायची, तिसऱ्यात सोडवणूक पूर्ण आहे पण एका ठिकाणी मुद्दाम चूक आहे ती शोधायची आणि का चूक आहे ते वर्गात उभं राहून सांगायचं. ह्या तिसऱ्या प्रकारावर वर्गात जेवढी भांडणं होतात तेवढी कशावर होत नाहीत.

तर यंदा मीटिंगला बसाल तेव्हा स्पेसिमेन कॉपीतले दोनच चॅप्टर उघडा, रोटेशनल डायनॅमिक्स आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स, आणि प्रत्येक प्रश्नापुढे एवढंच लिहा की नुसती अक्षरं जुळवून हा सुटतो का. निम्म्याहून जास्त ठिकाणी 'हो' आलं तर त्या वर्षी पुस्तक घेऊच नका, तालुक्यातल्या चार कॉलेजांनी मिळून चॅप्टरमागे पंधरा-वीस प्रश्नांचं एक पान काढलं तरी झेरॉक्सच्या पैशात काम होईल. एकेका कॉलेजने चार चार चॅप्टर वाटून घेतले की बारावीचे सोळा संपतात. आमच्याकडे काही चॅप्टरची शीट तयार आहेत, हवी असतील त्यांनी हक्काने मागा, फक्त परत पाठवताना त्यातल्या चुका लाल पेनाने काढून पाठवा.

तुमच्यातलीच एक,
फिजिक्सची एक शिक्षिका